मोसंबीचं मी बोललो नाही

जालन्याच्या मस्तगडात मी ज्या घराच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहतो, त्या घरात सकाळी सातला मिक्सर लागतो. घरमालकीणबाई शेंगदाण्याची चटणी वाटतात, बाकी काही नाही. पण जानेवारीत खिडकीच्या फटीतून थंडी आत येत असते, खाली गल्लीत भाजीची गाडी पालकाच्या जुड्या घेऊन उभी असते, आणि अशात तो आवाज कानावर आला की माझ्या छातीत काहीतरी बारीक पेटतं. पुस्तक उघडं राहतं, ओळ पुढं सरकत नाही. काय पेटतं ते मला ठाऊक आहे. मी जळतो. वर्षभर हे जळणं कुठं दडून बसतं कोण जाणे, पण परीक्षा, थंडी, पालक आणि मिक्सर असं सगळं एका सकाळी जमून आलं की ते हजर होतं.

मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. हे मोठेपणासाठी सांगत नाही. पुढचं जे झालं ते यामुळंच झालं, म्हणून आधी सांगून टाकतो.

केदारखेड्याच्या आमच्या घरात माझी एक जागा होती. म्हणजे बसायची नाही, विचारायची. खताच्या गोणीवर बारीक अक्षरात काय लिहिलंय, औषधाची बाटली जेवणाआधी की नंतर, मोबाइलवर आलेला मेसेज खरा की खोटा, काहीही असलं की अप्पा म्हणायचे, "बापूला विचारा." बापू म्हणजे मी, धाकटा. दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, शेती तोच बघतो, तरी कागद हातात आला की तो न वाचताच माझ्याकडं सरकवायचा. सातवीत असल्यापासून ही जागा माझी होती. तिची मला इतकी सवय झाली होती की ती कधी दुसऱ्या कुणाची होईल असं मनातही आलं नव्हतं.

मागच्याच्या मागच्या दिवाळीनंतर मायला दम लागायला लागला. विहिरीवरून घरापर्यंत येताना ती दोनदा थांबायची आणि थांबली हे कुणाला कळू नये म्हणून पदर नीट करत उभी राहायची. भोकरदनच्या डॉक्टरांनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, नखं बघितली, रक्त तपासायला लावलं. हिमोग्लोबिन साडेसात. डॉक्टर म्हणाले, दोन महिने गोळ्या घ्या, खाणं सुधारा. नाही वाढलं तर जालन्याला भरती करून रक्त चढवावं लागेल. घरी येऊन माय चुलीपुढं बसली आणि मला म्हणाली, "दुसऱ्याचं रक्त अंगात घेऊन मी कुणाची माय ऱ्हाईन रे?"

तिला त्या बाटलीची खरोखरची भीती होती. मला तिच्या दम लागण्याची होती.

आता मायचं खाणं. आमच्या घरात माय सगळ्यात शेवटी जेवते. आधी अप्पा, मग दादा आणि मी, मग दारात कुणी आलं-गेलं, आणि सगळ्यांचं आटोपलं की टोपल्यात जे उरेल ते तिचं. शिवाय तिची एक सवय आहे. दुधाचं पातेलं रिकामं झालं की त्यात थोडं पाणी घालून विसळायचं आणि ते पांढुरकं पाणी पिऊन टाकायचं. चहाच्या भांड्याचंही तसंच. वाया जाऊ द्यायचं नाही, एवढंच तिचं म्हणणं. लहानपणी मला वाटायचं, तिला ते आवडतं.

मी तेव्हा जालन्याहून दोन दिवसांसाठी आलो होतो. मी गोळ्या आणल्या. चौकटीच्या वहीतलं पान फाडून तक्ता केला, रोजच्या गोळीपुढं खूण करायची. लोह म्हणजे काय, ते अंगी कसं लागतं, गूळ, खजूर, पालेभाज्या, सगळं मायला समजावलं. समजावताना मी हात हलवत होतो, आमचे सर वर्गात हलवतात तसे. माय मान डोलावत होती. मग मी एसटीत बसलो आणि गेलो. रोज संध्याकाळी फोन करायचो. गोळी घेतली का? घेतली. खूण केली का? केली. आवाज असा सरळ की शंका यायला जागा नाही.

गेल्या जानेवारीत परीक्षेआधीची सुट्टी लागली आणि मी पुस्तकांची पिशवी घेऊन घरी गेलो. सकाळची पहिली गाडी पकडली होती. फाट्यावर उतरून चालत येताना ज्वारीवर दहिवर पडलेलं, बोटं गारठलेली, आणि घराजवळ येतो तर आतून मिक्सरचा आवाज. आमच्या घरात मिक्सर होता, पण तो खोक्यात होता. उन्हाळ्यात दादाचं लग्न झालं, वहिनी मंठ्याच्या, तो त्यांच्या माहेराहून आलेला. माय म्हणायची की पाटा आहे, वरवंटा आहे, याला कशाला लाईट जाळायची. खोकं सहा-सात महिने फळीवर होतं.

दारातून बघितलं ते चित्र अजून तसंच डोळ्यांपुढं आहे. माय ओसरीवर उन्हाच्या पट्ट्यात बसलेली. तिच्या हातात स्टीलचा मोठा ग्लास. वरच्या ओठावर हिरवी मिशी. पुढ्यात वहिनी उकिडव्या बसलेल्या, हातात दुसरा ग्लास, रिकामा आणि पालथा धरलेला. दादा दात घासत होता. तो मला म्हणाला, "ये रे बापू. माय बकरी झाली आपली, पाला पिऊन राह्यली."

"बकरी तर बकरी," माय म्हणाली. "तू दूध काढायला ये मंग."

मी हसलो. पण आत कुठंतरी खट्ट झालं, ते मी त्या क्षणी कुणालाच दाखवलं नाही, स्वतःलाही नाही.

ते हिरवं वहिनी कसं करायच्या, हे मी नंतरच्या दिवसांत अभ्यासाचं पुस्तक मांडीवर ठेवून रोज बघितलं. जळणारा माणूस फार बारकाईनं बघतो. पाटाच्या पाण्याच्या कडेला पालकाचे दोन वाफे होते, तिथून उजाडताच ओंजळभर कोवळी पानं आणायची, जाड देठ मोडून टाकायचे. दोन पाण्यांतून धुवायची. पुदिन्याची चार पानं. आधी फक्त पाला आणि अर्धी वाटी कोमट पाणी भांड्यात घालून फिरवायचं, कारण फळासोबत घातला तर पाला नीट वाटला जात नाही आणि दाताखाली दोरे येतात. पाणी कोमट, कारण मायची पहिली तक्रार हीच होती की एवढ्या थंडीत गार कोण पितं. मग बांधावरच्या झाडाची एक मोसंबी. साल काढून, पांढरं सोलून, प्रत्येक फोडीतून बी बोटानं दाबून काढायची. एक बी राहिली तरी अख्खा ग्लास कडू होतो. मग एक पिकलेलं केळं, रात्री भिजवलेले दोन खजूर. पुन्हा फिरवायचं. झाकण उघडलं की जो वास यायचा, तो मी अजून कशाला जोडू शकलेलो नाही. निम्मा पावसानंतरच्या गवताचा, निम्मा मोसंबीच्या सालीचा. रंग असा की नवीन पोपटाला लाज वाटावी. आणि हे सगळं साडेआठच्या आत, कारण साडेआठला लाईट जायची.

वहिनी बारावी झालेल्या. हे सगळं त्या मोबाइलवर बघून शिकल्या होत्या. त्या त्याला स्मूदी म्हणायच्या, माय 'ते हिरवं' म्हणायची आणि दोनतीन दिवसांत गल्लीतल्या बायाही हिरवंच म्हणायला लागल्या. पाण्याला जाता-जाता कुणी दारात थांबायची, भांड्यात डोकावायची, केळं किती, पाला किती विचारायची. वहिनी हात पुसत सांगायच्या. मी ओसरीवर लोहाचं प्रकरण उघडून बसलेला असायचो. मला कुणी काही विचारत नव्हतं.

एका दुपारी मी फडताळातून साखर काढायला गेलो आणि डब्याखाली माझा तक्ता सापडला. मायनं तो डब्याखाली अंथरला होता. एकही खूण नव्हती. महिनाभर फोनवर मी 'घेतली', 'केली' ऐकत होतो. मी तो कागद तसाच परत डब्याखाली सरकवला. राग यायला हवा होता. आला तो वेगळाच. माझं तिनं मनावर घेतलं नाही आणि काल आलेल्या बाईचं घेतलं. 'काल आलेली बाई' हे शब्द माझ्या मनात आले होते, हे मी खोडत नाही.

त्याच संध्याकाळी अप्पांना गुडघ्याला लावायचं औषध मिळालं होतं. त्यांनी ट्यूब हातात धरून उजेडाकडं फिरवली, मी जागेवर सरसावून बसलो, आणि ते आत बघून म्हणाले, "सूनबाई, हे दिवसातून किती डाव लावायचं, बघ बरं." मी चार हातांवर होतो. अप्पांच्या मनात काही नव्हतं, वहिनी जवळ होत्या एवढंच. पण माझी ती सातवीपासूनची जागा माझ्या डोळ्यांदेखत रिकामी झाली आणि भरलीही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते वाक्य बोललो.

ओसरीवर सगळे होते. शेजारच्या काकूही होत्या. माय ग्लास तोंडाला लावणार, तेवढ्यात मी पुस्तकातून डोकं न काढता म्हणालो की पालकात लोह असलं तरी ऑक्झॅलेट पण असतं. ते लोहाला धरून ठेवतं, अंगाला लागू देत नाही. पालक पिऊन रक्त वाढत नसतं. हे मी शांत आवाजात बोललो, जणू सहज आठवलं. एवढं खरं होतं की पुस्तकात तसं लिहिलं होतं. पण त्याच पानावर खाली असंही लिहिलं होतं की आंबट फळाचा रस सोबत असला तर लोह शोषलं जातं. म्हणजे वहिनी रोज जी मोसंबी सोलत होत्या, तीच त्यावरची तोड होती. ती ओळ माझी पाठ होती. मोसंबीचं मी बोललो नाही.

मायनं ग्लास खाली ठेवला. वहिनींकडं बघितलं नाही. म्हणाली, "शिकलेलं पोरगं म्हणून राह्यलं, तर असंल." काकू हं म्हणाल्या. वहिनींनी हातातला रिकामा ग्लास सरळ केला, आत नेऊन ठेवला, आणि मायचा भरलेला ग्लास भांड्यात परत ओतला. मला वाटलं होतं, त्या काहीतरी बोलतील आणि मग मी अजून दोन वाक्यं बोलेन. त्यांनी ते हिरवं कणकेत मळून टाकलं आणि दुपारी आम्ही सगळ्यांनी हिरव्या पोळ्या खाल्ल्या. चांगल्या लागल्या.

त्यानंतर चार दिवस मिक्सर बंद होता. मला हवी होती ती शांतता मिळाली, अभ्यास मात्र झाला नाही. साडेआठला लाईट जायची तेव्हा मी उगाच वर बल्बकडं बघायचो.

पाचव्या दिवशी माय आणि वहिनी हरभऱ्याची भाजी खुडायला निघाल्या. उशिरा पेरलेला तुकडा होता, शेंडे अजून कोवळे होते. मीही गेलो, घरात बसवत नव्हतं. हरभरा खुडणं मला लहानपणापासून आवडतं. बोटांना ती आंब लागते, पानांवरची खारट-आंबट ओल, आणि मग दिवसभर बोटं चाटली तरी चव जात नाही. मी एका ओळीत, वहिनी दुसऱ्या, माय पुढं. थोड्या वेळानं बघितलं तर माय पुढं नव्हती. बांधाला टेकून खाली बसली होती. ओटीतली भाजी मातीत सांडलेली, ओठ राखेसारखे, कपाळावर घाम, एवढ्या थंडीत.

वहिनी माझ्याआधी पोचल्या. त्यांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं, पदरानं वारा घातला, मला पाणी आणायला पिटाळलं. पाणी पिऊन माय जरा सावरली आणि भाजी गोळा करायला लागली, सांडली म्हणून. ती दोन हात पुढं गेल्यावर मी वहिनींना हळूच विचारलं की ती गोळी तरी घेते का.

"घेत व्हती की," वहिनी म्हणाल्या. "हिरव्यासंगं देत व्हते. ते बंद झालं, मंग गोळी बी बंद झाली."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. त्या आल्यापासून बघत होत्या की माय सगळ्यांचं झाल्याशिवाय तोंडात काही घालत नाही. गोळी हातावर दिली तर 'घेते, ठेव तिथं' म्हणते आणि कामाला लागते. आणि आमच्याकडं सकाळी सासूच्या आधी सुनेनं तोंडाला काही लावायचं नसतं. तर वहिनींनी ते उलटं वापरलं. मिक्सर लावायचा, दोन ग्लास घ्यायचे, एक भरून मायपुढं ठेवायचा, दुसरा रिकामा पालथा धरून समोर बसायचं. "मी म्हणायचे, आत्याबाई, तुम्ही पिल्याबिगर मला पिता येत न्हाई, आणि मला भूक लागून राह्यली. मंग त्या माझ्यासाठी जल्दी पिऊन टाकायच्या. गोळी बी त्याच्यातच जायची."

म्हणजे माय स्वतःसाठी काही पीत नव्हती. सून उपाशी राहू नये म्हणून पीत होती. मी महिनाभर तिला तिच्याच अंगाबद्दल सांगत राहिलो होतो, आणि तो विषय तिला कधीच महत्त्वाचा वाटला नव्हता.

वहिनींचा तो पालथा ग्लास मी रोज बघितला होता. मला वाटायचं, कौतुक ऐकायला बसतात.

त्या दिवशी घरी आल्यावर मी जे केलं, ते थोडं पश्चात्तापानं आणि थोडं, खरं सांगायचं तर, अजून जिंकायचं होतं म्हणून. म्हटलं, आज मी करतो. पालक नको, हरभऱ्याचे शेंडे घेऊ. लाईट दुपारी आली होती. मी शेंडे तीन पाण्यांतून खळखळून धुतले. माय बाजेवर पडून बघत होती. "अरे, आंब गेली तिची," ती म्हणाली. हरभऱ्याची भाजी आमच्याकडं कुणी धूत नाही, धुतली की चव जाते, हे पाचवीतल्या पोरालाही माहीत असतं. मला माहीत होतंच, पण हात पुस्तकाच्या शिस्तीनं चालले होते. मग मोसंबी घातली, बिया काढायची घाई केली, आणि पौष्टिक व्हावं म्हणून वर पेलाभर दूध ओतलं. मिक्सर थांबवून झाकण काढलं तर आत दूध फाटून हिरवं चोथापाणी झालेलं. दूध लोहाच्या आड येतं, हेही त्याच पानावर होतं.

दादानं भांड्यात बघितलं. "हे बकरी बी पिणार न्हाई," म्हणाला. अप्पा हसले. माय हसली आणि हसताना तिला दम लागला. ते बघून माझं हसू तोंडातच राहिलं.

वहिनी भांडं धुवायला घेऊन गेल्या. मी मागं गेलो. मोरीपाशी उभं राहून म्हणालो, वहिनी, मोसंबी असली की पालक चालतो. मोसंबीमुळं लोह लागतं अंगाला. मला त्या दिवशी पण माहीत होतं.

त्यांनी भांडं धुणं थांबवलं नाही. पाणी ओतून, पालथं ठेवून, हात पदराला पुसून मग माझ्याकडं बघितलं.

"मला सांगून काय उपयोग, भाऊजी? आत्याबाईला सांगा. तुमच्या बोलण्यानं त्यांनी ग्लास खाली ठेवला व्हता."

तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं. माझं कुणी ऐकत नाही, या एकाच गोष्टीवर मी इतके दिवस धुमसत होतो. आणि मायनं आठवडाभर चाललेली गोष्ट माझ्या एका वाक्यावर सोडून दिली होती. रक्त चढवायची वेळ येईल, हे माहीत असूनही. माझी जागा कुणी घेतलीच नव्हती. ती होती तिथंच होती, आणि मी तिच्यावर बसून काय केलं, ते बांधाला टेकलेलं मी बघून आलो होतो.

बाजेपाशी जाणं मला फार जड गेलं. मी मायला सांगितलं. वर्गात सर हात हलवून सांगतात तसं नाही सांगता आलं. पालकाबद्दल मी बोललो ते अर्धं होतं, उरलेलं अर्धं मला येत होतं आणि मी मुद्दाम बोललो नव्हतो. मुद्दाम हा शब्द तोंडातून निघायला वेळ लागला. माय छताकडं बघत होती. मला वाटलं, विचारेल का म्हणून. मी उत्तर जुळवत होतो.

ती म्हणाली, "मंग मोसंब्या दोन टाकत जा म्हण तिला."

बस एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी मिक्सर लागला. वहिनी रिकामा ग्लास पालथा धरून पुढ्यात बसल्या. मायनं पिताना एकदा माझ्याकडं बघितलं, त्या बघण्यात काय होतं हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. तिला सगळं कळलं होतं, असं मला वाटतं. आयांना पोरांचं जळणं कळत असणारच. ताटात कुणाला किती वाढलं, यावरूनच तर ते सुरू होतं.

मार्चमध्ये रक्त तपासलं, तेव्हा हिमोग्लोबिन दहाच्या वर गेलं होतं. भरती नाही, बाटली नाही. मी तेव्हा जालन्यात होतो. फोनवर दादानं सांगितलं आणि मागून मायचा आवाज आला, ती कुणाला तरी सांगत होती, माझ्या सुनेनं रक्त वाढवलं माझं, बिलकुल औषध न्हाई, नुसतं हिरवं. हे ती गेलं वर्षभर सगळ्यांना सांगते. लग्नात, बाजारात, एसटीत शेजारी बसलेल्या बाईला. मला माहीत आहे की रक्त मुख्यतः गोळ्यांनी वाढलं. त्या गोळ्या मी आणलेल्या. पालकाच्या ओंजळीत तेवढं लोह नसतं. हे वाक्य दर वेळी माझ्या ओठांपर्यंत येतं. मी ते गिळतो. मोसंबीचं बोललो नाही तेव्हा गप्प राहणं जितकं सोपं गेलं होतं, तितकं हे जात नाही.

या रविवारी घरी जाऊन आलो. परीक्षा दहा दिवसांवर, पण राहवलं नाही. तीच थंडी, ज्वारीवर तेच दहिवर, पालकाचे या वर्षी चार वाफे. वहिनींनी दोन मोसंब्या सोलल्या. मी बिया काढायला बसलो, ते काम आता माझ्याकडं असतं. एकही राहू दिली नाही. साडेआठला पाच मिनिटं असताना मिक्सर थांबला.

पहिला ग्लास मायचा. तिनं गोळी टाकली, पिऊन टाकलं, मिशी पुसली. दुसरा वहिनींचा. माय त्यांना म्हणाली, "पोट भरून पी गं, मला दाखवायला नको पिऊ." शेजारच्या काकू आल्या होत्या. माय त्यांच्याकडं वळली आणि सुरू झाली, माझ्या सुनेनं...

माझ्यात ते पेटलं. पेटतंच. मिक्सरचं भांडं रिकामं झालं होतं, कडेला हिरवं लागलेलं होतं. मायचा हात सवयीनं पाण्याच्या तांब्याकडं गेला. मी तिच्याआधी तांब्या उचलला, भांड्यात थोडं पाणी घातलं, विसळलं आणि ते फिकं हिरवं पाणी उभ्यानंच पिऊन टाकलं. पालकाची चव जवळजवळ नव्हती. मोसंबीची होती, अगदी बारीक. मग लाईट गेली.